वेगाचा साक्षीदार कोण? भरधाव मोटारी पकडण्याचा १३० वर्षांचा इतिहास

#धागा #इतिहास

१/ २८ जानेवारी १८९६. इंग्लंडच्या केंट परगण्यातील पॅडॉक वुड या गावातून वॉल्टर आर्नल्ड नावाचा बेंझ मोटारींचा विक्रेता आपली मोटार घेऊन निघाला. गावच्या शिपायाने ती पाहिली, तो सायकलवर बसला, सुमारे पाच मैल पाठलाग केला आणि मोटार अडवली. आरोप असा की, मर्यादा ताशी २ मैलांची असताना मोटार ताशी ८ मैलांनी धावत होती. अतिवेगाबद्दल शिक्षा झालेला पहिला मोटारचालक म्हणून आज बहुतेक ठिकाणी आर्नल्डचेच नाव घेतले जाते.

२/ ताशी ८ मैल म्हणजे जेमतेम १३ किलोमीटर. पण तेव्हाचा कायदा १८६५ चा होता आणि तो वाफेच्या अवजड इंजिनांसाठी रचलेला होता. गावात ताशी २ मैल, गावाबाहेर ४ मैल, गाडीबरोबर किमान तीन माणसे, त्यांतील एक गाडीपुढे पायी चालणारा! आर्नल्डवर एकूण चार आरोप ठेवले गेले. पुरेशी माणसे बरोबर नव्हती आणि गाडीवर मालकाचे नाव-पत्ता नव्हता, हेही त्यांत होते. अतिवेगाचा दंड झाला १ शिलिंग.

३/ मित्रहो, या प्रसंगातील गंमत बाजूला ठेवून एक प्रश्न विचारू या. मोटार ताशी ८ मैलांनीच जात होती, हे शिपायाला कसे कळले? त्याच्याकडे मोजण्याचे कोणतेही यंत्र नव्हते. होते ते फक्त डोळे, अनुभव आणि दमलेले पाय. चोरीचा माल हाती लागतो, मारहाणीच्या खुणा अंगावर उरतात. वेग मात्र गाडी थांबताच नाहीसा होतो. मग न्यायालयात तो सिद्ध कसा करायचा? आजचा धागा या एका प्रश्नाच्या मागोव्याचा आहे.

४/ आर्नल्डच्या खटल्याच्या वर्षीच, म्हणजे नोव्हेंबर १८९६ मध्ये, ब्रिटिश संसदेने जुनी बंधने उठवली. पुढे चालणारा माणूस गेला. वेगमर्यादा कायद्याने ताशी १४ मैल केली, ती स्थानिक प्रशासन मंडळाने १२ वर आणली. मोटारी वाढू लागल्या, धूळ वाढली, घोडे बुजू लागले, तक्रारी वाढल्या. त्यातून १९०३ चा मोटार कायदा आला. मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर झाली आणि प्रत्येक मोटारीवर नोंदणी क्रमांक बंधनकारक झाला.

५/ या १९०३ च्या कायद्यात एक छोटीशी तरतूद होती. गाडीच्या वेगाबद्दल केवळ एका साक्षीदाराचे मत एवढ्याच आधारावर कोणालाही दोषी ठरवता येणार नाही, अशी ती तरतूद. म्हणजे एकटा शिपाई ‘मला वाटते, गाडी फार जोरात होती’ एवढे सांगून दंड करवू शकणार नव्हता. त्याला दुजोरा हवा होता : दुसरा माणूस, नाही तर मोजमाप. पुढची सव्वाशे वर्षे पोलिसांनी जी जी साधने शोधली, ती या दुजोऱ्याच्या शोधातच जन्मली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

६/ पोलिसांचे पहिले उत्तर होते थांबघड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच. रस्त्यावर एक फर्लांग, म्हणजे सुमारे २०१ मीटर, अंतर मोजून ठेवायचे. दोन्ही टोकांना शिपाई कुंपणाआड दडायचे. मोटार पहिल्या टोकाशी आली की खूण करायची, दुसऱ्या टोकाशी पोहोचेपर्यंतचा वेळ मोजायचा. ताशी २० मैलांच्या गाडीला एक फर्लांग कापायला २२.५ सेकंद लागतात. त्याहून कमी वेळ लागला की गाडी अपराधी. वेग मोजण्याऐवजी वेळ मोजायचा, ही युक्ती तेव्हापासून आजतागायत टिकून आहे.

७/ मोटारवाले अर्थातच खवळले. मोटार तेव्हा श्रीमंतांची होती, शिपाई सामान्य घरातला. आपल्या शब्दापेक्षा झुडपाआडच्या शिपायाचे घड्याळ मोठे ठरावे, हे पुष्कळांना सहन झाले नाही. तक्रारीत तथ्यही होते. सापळे धोकादायक वळणांवर नसून सरळ, मोकळ्या रस्त्यांवर लावले जातात, कारण तिथे दंड अधिक मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप आजही जगभर जसाच्या तसा ऐकू येतो.

८/ जून १९०५ मध्ये लंडनमध्ये ‘ऑटोमोबाइल असोसिएशन’ स्थापन झाली. पुढे रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी संस्था म्हणून ती नावारूपाला आली. पण तिचा मूळ उद्देश पोलिसांच्या सापळ्यांपासून मोटारचालकांना सावध करणे हा होता. तिचे सायकलस्वार टेहळे रस्त्यावर गस्त घालीत आणि पुढे सापळा असल्याची सूचना देत.

९/ हे कायदेशीर होते का? आधीच्या एका खटल्यात न्यायालयाने टेहळ्याला सोडले होते, कारण ज्यांना इशारा दिला ते चालक त्या क्षणी अतिवेगात होते, हे सिद्ध झाले नव्हते. पण १९१० च्या ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’ खटल्यात चित्र पालटले. भरधाव गाडीला सावध करून पुरावा गोळा होऊ न देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय, असा निर्णय झाला.

१०/ मग संघटनेने नामी शक्कल काढली. तिचा टेहळा संघटनेचे बोधचिन्ह असलेल्या गाडीला नेहमी सलाम करी. सभासदांना सांगून ठेवले होते की, टेहळ्याने सलाम केला नाही, तर थांबा आणि कारण विचारा. इशारा आता सलाम न करण्यात होता. सलाम का केला नाही म्हणून कोणत्या न्यायालयात खेचणार? कायद्याची पळवाट म्हणजे काय, याचा इतका नेटका नमुना इतिहासात क्वचितच सापडेल.

११/ ताशी २० मैलांची मर्यादा हळूहळू कागदावरच उरली. जवळजवळ प्रत्येक चालक ती मोडत होता. १९३० च्या कायद्याने मोटारींवरची मर्यादा उठवूनच टाकली. त्यानंतरचे आकडे भयंकर होते. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली, आणि तेव्हा तिथल्या मोटारींची संख्या आजच्या मानाने किरकोळ होती. १८ मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली. वस्तीबाहेरचे रस्ते मात्र मोकळेच राहिले.

१२/ आता महामार्गांकडे येऊ. डिसेंबर १९५८ मध्ये प्रेस्टन शहराला वळसा घालणारा ब्रिटनचा पहिला द्रुतगती मार्ग खुला झाला. २ नोव्हेंबर १९५९ रोजी ‘एम-१’ चा पहिला मोठा टप्पा सुरू झाला. चौक नाहीत, सिग्नल नाहीत, पादचारी नाहीत. आणि वेगमर्यादाही नाही! दोन दिशांच्या मध्ये संरक्षक कठडेही नव्हते. जुन्या अरुंद रस्त्यांवर वाढलेला चालक एकदम या सपाट पट्टीवर येऊन दाखल झाला.

१३/ जून १९६४ मध्ये ‘एसी’ कंपनीने ल मान्सच्या शर्यतीसाठी बनवलेली कोब्रा मोटार पहाटे ‘एम-१’ वर चाचणीसाठी आणली. तिने ताशी सुमारे १८५ मैल, म्हणजे जवळपास ३०० किलोमीटर, वेग गाठला. वृत्तपत्रांनी गहजब केला. पण पोलीस काय करणार? मर्यादाच नव्हती, तर भंग कशाचा? ‘या एका गाडीमुळे वेगमर्यादा आली’ ही आख्यायिका मात्र खरी मानू नये. खरे कारण अधिक दुःखद होते.

१४/ नोव्हेंबर १९६५ मध्ये दाट धुक्यात द्रुतगती मार्गांवर एकामागोमाग एक गाड्या आदळून भीषण अपघात झाले. समोरचे दिसत नसतानाही चालक वेग कमी करत नव्हते. वाहतूकमंत्री टॉम फ्रेझर यांनी २२ डिसेंबर १९६५ पासून चार महिन्यांच्या प्रयोगासाठी ताशी ७० मैलांची, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटरची मर्यादा लागू केली. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी बार्बरा कॅसल आल्या. त्यांना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती, त्यामुळे टीकेला ऊत आला. तरी त्यांनी प्रयोग वाढवला आणि १९६७ मध्ये मर्यादा कायम केली.

१५/ ७० चा आकडा आकाशातून पडलेला नव्हता. वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते आणि ती सगळी ब्रेकना जिरवावी लागते. ब्रिटिश वाहतूक संहितेच्या तक्त्यानुसार ताशी ३० मैलांवर गाडी थांबायला २३ मीटर लागतात, ७० मैलांवर ९६ मीटर. त्यांतले २१ मीटर तर चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच निघून जातात. धुक्यात ५० मीटरच दिसत असतील, तर उरलेल्या अंतराचे काय होणार, हे सांगायला नको.

१६/ मर्यादा आली; पण द्रुतगती मार्गावर ती मोडणारा पकडायचा कसा? जुने फर्लांगाचे गणित इथे कोलमडते. ताशी २० मैलांच्या गाडीला फर्लांग कापायला २२.५ सेकंद लागत. घड्याळाची कळ अर्धा सेकंद उशिरा दाबली, तर चूक अर्ध्या मैलाचीही होत नसे. ताशी ७० मैलांच्या गाडीला तेच अंतर कापायला लागतात सुमारे ६.४ सेकंद. इथे अर्ध्या सेकंदाच्या चुकीने ७० च्या जागी ७६ दिसू लागतात. म्हणजे निरपराध माणूस अपराधी ठरतो.

१७/ म्हणून गस्तीच्या गाड्या पाठलागाची रीत वापरत. संशयित गाडीच्या मागे ठरावीक अंतर राखून काही काळ जायचे आणि स्वतःच्या गाडीच्या तपासून घेतलेल्या वेगमापकावर आकडा वाचायचा. तो वेगमापक म्हणजे एका शिपायाच्या मताला मिळालेला दुजोरा. पण यासाठी पोलिसांनाही तितकेच भरधाव जावे लागे, आणि आरशात पोलिसांची गाडी दिसताच कोणीही शहाणा चालक सभ्य होई.

१८/ १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत ‘व्हॅस्कार’ नावाचे यंत्र आले. कल्पना फर्लांगाचीच, पण अंतर लांब घेता येई आणि आधी आखून ठेवावे लागत नसे. रस्त्यावरच्या दोन ठळक खुणा निवडायच्या, जसे दोन पूल. लक्ष्य-गाडी पहिल्या खुणेशी आली की वेळेची कळ दाबायची, दुसरीशी आली की पुन्हा दाबायची. पोलिसांची गाडी त्याच खुणांवरून जाताना अंतर यंत्रात आपोआप भरले जाई. अंतर भागिले वेळ. अंतर जितके लांब, तितकी हाताच्या चुकीची टक्केवारी कमी. पुढे ब्रिटिश पोलिसांनीही हे यंत्र वापरले.

१९/ याच काळात दुसरी एक वाट तयार झाली होती. तिची सुरुवात १८४२ मध्ये प्रागमध्ये झाली. ध्वनी किंवा प्रकाशाचा उगम आपल्याकडे येत असेल तर लहरींची वारंवारता वाढलेली भासते, दूर जात असेल तर घटलेली, असे ख्रिश्चन डॉप्लरने मांडले. १८४५ मध्ये बाईस बॅलॉट या डच शास्त्रज्ञाने उट्रेख्टजवळ आगगाडीवर कर्णेवाले बसवले आणि रुळांशेजारी तयार कानाचे संगीतज्ञ उभे केले. कर्णे एकच सूर वाजवत होते. पण येताना तो चढा ऐकू आला, जाताना उतरलेला. डॉप्लरचे म्हणणे खरे ठरले.

२०/ शतकभराने हाच नियम रस्त्यावर आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील अभियंता जॉन बार्कर यांनी रडारवर आधारित वेगमापक तयार केला, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या पोलिसांनी तो वाहनांवर रोखला. तत्त्व सोपे आहे. यंत्र रेडिओलहरी सोडते, त्या गाडीवर आपटून परततात, वारंवारतेतील फरकावरून वेग निघतो. आजच्या एका प्रचलित पट्ट्यात ताशी १०० किलोमीटरच्या गाडीमुळे हा फरक सेकंदाला सुमारे ४,५०० कंपनांचा असतो.

२१/ इथे नियतीने एक थट्टा केली. ब्रिटिश रडारचे एक जनक सर रॉबर्ट वॉटसन-वॉट यांना १९५० च्या दशकात कॅनडात अतिवेगाबद्दल पोलिसांनी पकडले, तेही रडारच्या साहाय्याने! १९४० मध्ये जर्मन विमानांपासून ब्रिटनला वाचवणारे तंत्र आता त्यांच्याच मोटारीवर रोखले गेले होते. त्यांनी मुकाट्याने दंड भरला आणि पुढे या प्रसंगावर स्वतःच एक विनोदी कविताही लिहिली.

२२/ यंत्र आले म्हणजे वाद मिटला का? मुळीच नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतील मायामी येथे एका दूरचित्रवाणी वाहिनीने दाखवले की, पोलिसांच्या रडारने एका ताडाच्या झाडाचा वेग ताशी ८६ मैल आणि एका घराचा वेग ताशी २८ मैल मोजला. तिथल्या न्यायाधीशांनी तज्ज्ञांच्या साक्षी सविस्तर ऐकल्या. तेव्हाच्या स्थितीत रडारचे आकडे संशयातीत मानता येत नाहीत, असा निर्णय देऊन त्यांनी एकत्रित ८० खटल्यांतील रडारचा पुरावा नाकारला.

२३/ दोष डॉप्लरच्या नियमात नव्हता. दोष यंत्र वापरण्याच्या रीतीत होता. रडारचा झोत पसरट असतो. त्यात दोन-तीन गाड्या आल्या, तर आकडा नेमका कुणाचा? पोलिसांच्या गाडीतला पंखाही फसवा संकेत देऊ शकतो. म्हणून यंत्र वापरण्यापूर्वी ते तपासण्याची शिस्त आली. त्यासाठी वापरतात तो नादकाटा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच. ठरावीक कंपनांचा काटा रडारसमोर धरला की ठरावीक वेगच दिसला पाहिजे. कर्णेवाल्यांच्या आगगाडीतला सूर असा पोलिसांच्या हाती आला.

२४/ आता वळू कॅमेऱ्याकडे. मॉरिस गात्सोनिडीस हा डच शर्यतपटू जन्मला जावा बेटावर. १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली त्याने जिंकली. वळणावर आपला वेग किती असतो, तो आणखी कसा वाढवता येईल, हे जाणून घेण्यासाठी त्याने वेळ मोजणारे उपकरण बनवले. अधिक वेगाने धावण्यासाठी घडवलेल्या या उपकरणातून पुढे जगभर चालकांना मंद करणारा ‘गात्सो’ कॅमेरा निघाला.

२५/ गात्सोचे काम पाहण्यासारखे आहे. रडारने अतिवेग टिपला की कॅमेरा अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन छायाचित्रे घेतो. रस्त्यावर ठरावीक अंतरावर पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात. ताशी ४० मैलांची गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे ९ मीटर पुढे जाते. दोन छायाचित्रांत गाडीने किती रेघा ओलांडल्या ते मोजले की रडारचा आकडा पडताळता येतो. एक साक्षीदार रडार, दुसरा साक्षीदार रेघा. १९०३ ची दुजोऱ्याची अट इथे रस्त्यावरच रंगवलेली दिसते. ब्रिटनमध्ये अशा छायाचित्रांना पुरावा म्हणून वाट करून दिली १९९१ च्या कायद्याने आणि १९९२ पासून ते कॅमेरे सुरू झाले.

२६/ त्याच सुमारास लेसर बंदूक आली. ती अदृश्य अवरक्त प्रकाशाचे सूक्ष्म झोत सोडते. प्रकाश सेकंदाच्या एका अब्जांश भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. तेव्हा झोत जाऊन परत यायला किती वेळ लागला, यावरून गाडीचे अंतर निघते. अशी शेकडो मापे सेकंदाच्या अंशात घेतली की अंतर किती झपाट्याने घटते, म्हणजेच वेग, कळतो. झोत अरुंद असल्यामुळे गर्दीतूनही नेमकी एक गाडी निवडता येते. मायामीतल्या ‘आकडा कुणाचा’ या प्रश्नाला मिळालेले हे चांगले उत्तर होय.

२७/ पण चालकही शिकले होते. कॅमेरा दिसला की ब्रेक, कॅमेरा मागे पडला की पुन्हा वेग. यावर उपाय ठरला सरासरी वेग. ब्रिटिश पोलिसांच्या वैज्ञानिक संशोधन शाखेने १९७६ मध्येच नोंदणी क्रमांक आपोआप वाचण्याचे तंत्र विकसित केले होते. त्याच्या आधारे दोन ठिकाणी कॅमेरे बसवायचे, प्रत्येक गाडीची वेळ नोंदवायची आणि भागाकार करायचा. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये अशा प्रणालीला अधिकृत मान्यता मिळाली.

२८/ गणित पाहा. दोन कॅमेऱ्यांत १२ किलोमीटर अंतर आहे आणि मर्यादा ताशी १०० आहे. किमान वेळ लागला पाहिजे ७ मिनिटे १२ सेकंद. गाडी ६ मिनिटांत पोहोचली, तर सरासरी १२०. आणि सरासरी १२० असेल, तर वाटेत कुठे ना कुठे वेग किमान १२० झालाच असणार. कलनशास्त्रातील मध्यमान प्रमेय याहून वेगळे काही सांगत नाही. म्हणजे कुंपणाआडच्या शिपायाचा तो फर्लांगच पुन्हा अवतरला, फक्त आता तो कित्येक मैल लांब झाला.

२९/ कॅमेऱ्याला एक गोष्ट मात्र अजूनही नीट दिसत नाही : गाडी चालवत कोण होते? तो गाडीचा क्रमांक वाचतो, मालकाला नोटीस जाते. मार्च २००३ मध्ये इंग्लंडच्या ‘एम-११’ मार्गावर ख्रिस ह्यून या राजकारण्याची गाडी कॅमेऱ्यात सापडली आणि परवान्यावरील दोषगुण त्यांच्या तत्कालीन पत्नीने स्वतःच्या नावावर घेतले. दहा वर्षांनी ते उघड होऊन सिद्ध झाले. तोवर मंत्री झालेल्या ह्यून यांचे पद आधीच गेले होते. २०१३ मध्ये न्यायप्रक्रियेची दिशाभूल केल्याबद्दल दोघांनाही आठ महिन्यांची कैद झाली. मूळ गुन्ह्याला लागला असता तो किरकोळ दंड.

३०/ आता आपल्याकडे येऊ, कारण या इतिहासाचा धागा आपल्या कायद्यातही विणलेला आहे. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ वाचा. वेग बेकायदेशीर होता, या एकाच साक्षीदाराच्या मतावर कोणालाही दोषी ठरवता येणार नाही; ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असेल, तरच चालेल. १९०३ मध्ये ब्रिटिश संसदेने घातलेली अट शब्द बदलून, यंत्राची भर घालून इथे नांदते आहे.

३१/ २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम १३६-अ आले आणि महामार्गांवर इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद झाली. २०२१ च्या नियमांत पुढील तपशील ठरला : उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र हवे, देखरेख असल्याचे फलक आधी दिसले पाहिजेत, नोटीस पंधरा दिवसांत गेली पाहिजे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कार्यरत असलेली यंत्रणा क्षणिक वेगाबरोबर सरासरी वेगही मोजते. बोरघाट उतरून पनवेलकडे जाणारा चालक आज त्या एडवर्डकालीन सापळ्याच्याच सुधारित आवृत्तीतून जात असतो.

३२/ आणखी एक घडामोड फारशी चर्चिली गेली नाही. २०२५ मध्ये केंद्र सरकारने वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांसाठी वैधमापनशास्त्राचे नियम अधिसूचित केले. यंत्राची पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसल्याशिवाय ते वापरता येऊ नये, असा त्यांचा आशय आहे. किराणा दुकानातल्या वजनमापांवर शिक्का मारणारे शास्त्र ते हेच. दुकानदाराचा काटा तपासला जातो, तर सरकारच्या हातातला काटाही तपासला जावा, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

३३/ पॅडॉक वुडच्या शिपायाच्या नजरेपासून शिक्का मारलेल्या रडारपर्यंतचा हा प्रवास वरवर पाहता तंत्राचा वाटतो. पण प्रत्येक टप्प्यावर दोन मागण्या एकमेकींसमोर उभ्या होत्या. धुक्यात मेलेल्या माणसांच्या वतीने एक मागणी : वेग आवरा. पकडल्या गेलेल्या चालकाच्या वतीने दुसरी : आधी सिद्ध करा. १९३० मध्ये मर्यादाच काढून टाकली, त्याची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली. १९७९ मध्ये यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवला असता, तर झाडाच्या वेगाने माणसे दंडली गेली असती.

३४/ म्हणून, वाचकहो, घरात कधी ई-चलन आले, तर रागावण्याआधी किंवा मुकाट्याने पैसे भरण्याआधी ते नीट वाचा. त्यावर ठिकाण, तारीख, वेळ, यंत्राने मोजलेला वेग आणि क्रमांकाची पाटी दिसणारे छायाचित्र असायला हवे. सगळे जुळत असेल, तर दंड भरा आणि पुढच्या वेळी वेग आवरा. जुळत नसेल, तर दाद मागा. या दोन्ही गोष्टी करण्याची मुभा आपल्याला आहे, ती त्या १९०३ च्या छोट्याशा तरतुदीमुळे.

(धागा समाप्त)